मदत हवी आहे: डिसेंबरात सेव्हन सिस्टर्सची किनारी वाट

नमस्कार मंडळी. आम्ही लंडनजवळ राहतो. नाताळच्या सुट्टीत धाकटा भाऊ पुण्याहून येतोय, आणि त्याला घेऊन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा सीफर्ड ते ईस्टबोर्न हा पांढऱ्या चुनखडी कड्यांचा टप्पा (सेव्हन सिस्टर्स हे कडे यातच येतात) पायी करायचा आहे. अंतर साधारण 22 किमी. भाऊ सह्याद्रीत नेहमी फिरणारा आहे, त्यामुळे चढउतारांची काळजी नाही. काळजी आहे ती उजेडाची. तेव्हा चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि कडा तर कुंपणाशिवायचा! वरून गवत सलग दिसतं, पण खालची चुनखडी कधी निसटलेली असेल सांगता येत नाही, म्हणून काठापासून बरंच आत चालायचं हे पक्कं ठरवलंय.

वारा बहुतेक नैर्ऋत्येचा असतो, म्हणून सीफर्डहून निघालो तर तो पाठीशी राहील असा हिशोब आहे. बरोबर ना? वाटेतल्या ककमिअर नदीच्या मुखाशी पूल नाही, म्हणून ती ओलांडायला आतल्या एक्सीट गावाच्या पुलापर्यंत वळून जावं लागतं. पावसानंतर तिथली नदीकाठची वाट चालण्याजोगी असते का? ओली चुनखडी साबणासारखी निसरडी होते म्हणतात, तर ट्रेकिंगचे साधे बूट पुरतील की काठ्याही घ्याव्यात?

मुख्य प्रश्न: ईस्टबोर्नच्या अलीकडच्या बीची हेड या उंच कड्यापर्यंत अंधाराआधी पोचायचं, तर सेव्हन सिस्टर्स संपतात तिथलं बर्लिंग गॅप किती वाजता सोडावं? की एक्सीटपर्यंत बसने जाऊन तिथूनच सुरुवात करणं शहाणपणाचं? हिवाळ्यात प्रत्यक्ष चाललेल्यांनी कृपया सांगा.