नाशिक: पंचवटी-गोदाघाट कसं फिरायचं? गाडी, रिक्षा की पायी? (आईचे गुडघे + ९ वर्षांची मुलगी)

डोंबिवलीचा_पम्या

नमस्कार मंडळी, डिसेंबरमध्ये दोन दिवस नाशिकला जायचंय, आम्ही चौघं म्हणजे मी, बायको, मुलगी (वय ९, एका जागी बसत नाही) आणि आई. आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर अर्धा तास आरामात चालते पण पायऱ्या आल्या की चेहरा बदलतो. तिला रामकुंड आणि काळाराम बघायचंच आहे, बाकी तुमच्यावर सोडते म्हणाली.

आता घरात वाद असा आहे की मी म्हणतो स्वतःची गाडी घेऊन जाऊ, आई मागे बसेल, हव्या त्या देवळापाशी उतरवू. बायको म्हणते ट्रेनने जाऊ आणि तिथे रिक्षा करू. स्टेशनबाहेर 'पंचवटी दर्शन' करून देणारे रिक्षावाले असतात म्हणे, ते कसे आहेत? की नदीकाठचा भाग पायीच फिरण्यासारखा आहे? गर्दी नको म्हणून मुद्दाम मंगळवार-बुधवार काढलाय.

घाटावरचा_भो

पंचवटीतच जन्म गेला म्हणून सांगतो. गर्दी नको म्हणून बुधवार काढलात? अहो बुधवारी गंगेवर आठवडे बाजार असतो 😄 (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, 'गंगेवर चाललो' म्हणजे घाटावर चाललो, कोणी काशीला निघालं असं समजू नका.) भाजी, कांदे, मिरच्या, प्लास्टिकच्या बादल्या, जुने कपडे, सगळं नदीकाठी मांडलेलं असतं. बघायला मजा आहे, मुलीला नक्की दाखवा, पण त्या दिवशी गाडी घेऊन घाटाकडे येण्याचा विचारसुद्धा करू नका. त्यात २०२७ चा कुंभमेळा आलाय डोक्यावर, त्यामुळे कुठे ना कुठे खोदलेलं असतंच, काल चालू असलेला रस्ता आज बंद.

माझं मत सरळ आहे. पंचवटीपर्यंत कशानेही या, एकदा आलात की पायी. सगळं एवढं जवळ आहे की रिक्षात बसून गर्दीतून वाट काढेपर्यंत माणूस चालत पोचतो. नाशिकरोड स्टेशन मात्र इथून ९-१० किलोमीटर लांब आहे, तिथून निमाणीला (पंचवटीतला बसस्टँड) यायला सिटीलिंकची बस आहे, शेअर रिक्षा आहेत. चौघं असाल तर सरळ रिक्षा ठरवा, पण बसायच्या आधी पैसे बोला, मीटर वगैरे विसरा.

दर्शनवाल्या रिक्षांचं म्हणाल तर सगळे वाईट नसतात, पण ते पाच-सात ठिकाणं मोजून दाखवतात, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, आणि घाटावर नुसतं बसायला वेळच देत नाहीत. नदीकाठी येऊन बसायचं नाही तर यायचं कशाला?

सेदानवाला_काका

गाडीबद्दल माझा अनुभव वाचा आणि मग ठरवा. दोन वर्षांपूर्वी मॅपवर भरवसा ठेवून काळारामाच्या जवळ जायला निघालो, मॅपने घातलं एका गल्लीत, समोरून हातगाडी, मागे दोन रिक्षा, बाजूला ओट्यावर बसलेल्या आजी मला हातवारे करून स्टिअरिंग शिकवतायत. रिव्हर्स घेताना डावा आरसा एका वाड्याच्या खांबाला लागून गेला. बायको अजून त्या आरशाचा विषय काढते.

दुसरं म्हणजे नदीच्या पटांगणात गाड्या लावलेल्या दिसतात म्हणून आपणही लावायची हे डिसेंबरात ठीक, पावसाळ्यात अजिबात नाही. वर गंगापूर धरणातून पाणी सोडलं की ती सगळी जागा नदीची असते. गाडी आणायचीच तर हॉटेलवर ठेवा आणि विसरा.

दोन्ही_गुडघे_गेलेली

पम्या, मी तुमच्या आईच्या बाजूने बोलते. 'सगळं जवळ आहे, चाला' हे गुडघे शाबूत असलेले लोक सांगतात. पंचवटी सपाट नाहीये हो, काळाराम वर आहे आणि नदी खाली. आणि कोणी सांगेल की आधी रिक्षाने वर जा मग उतरत उतरत नदीवर या म्हणजे सोपं पडेल, तर ऐकू नका, चढण्यापेक्षा उतरताना गुडघा जास्त बोंबलतो. मी तसंच केलं होतं आणि रामकुंडाला पोचेपर्यंत मला देव आठवायची गरजच राहिली नव्हती.

दोन तुकडे करा. सकाळी रिक्षाने काळाराम, तेवढंच. दुपारी आराम. संध्याकाळी परत रिक्षाने पंचवटीतल्याच मालेगाव स्टँडवरून रामकुंडापाशी उतरा, खालचं जे आहे ते खालच्या खाली बघा. मधला चढउतार टाळला की झालं.

सीता गुंफेत आईंना नेऊ नका, आत अगदी वाकून, जवळजवळ बसत जावं लागतं. कपालेश्वर महादेवाच्या देवळालाही बऱ्यापैकी पायऱ्या आहेत, आईंनी खालूनच नमस्कार केला तरी चालेल.

डोंबिवलीचा_पम्या

गाडीचा विषय संपला, बायको जिंकली. तपोववन... सॉरी तपोवन करायचं का? आणि मुलीसाठी काय आहे, ती देवळांत कंटाळते.

घाटावरचा_भो

ताईंचं बरोबर आहे, मी गुडघ्यांचा विचारच केला नव्हता, माझी आई ७५ ची आहे आणि रोज खालीवर करते त्यामुळे डोक्यात आलं नाही.

तपोवन करा, कपिला आणि गोदावरीचा संगम आहे, मोकळं आहे, पण तिथे रिक्षाच. काळारामाच्या सकाळीच जोडून घ्या, रिक्षावाल्याला थांबवून ठेवायचे पैसे आधीच ठरवा.

मुलीला दुतोंड्या मारुती दाखवा. नदीच्या पात्रातच उभा आहे, दोन्हीकडे तोंड. आमचा पूर मोजायचा मीटर तोच, पाणी मारुतीच्या गुडघ्याला आलं की लोक बघायला निघतात, छातीला आलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर हलवायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अख्खा मारुती पाण्याखाली गेला होता. तिला मारुतीच्या पायाशी उभं करा आणि मग हे सांगा, देवळात कंटाळणारी पोरं पण वर बघत राहतात. तिथूनच पुढे नारोशंकराचं देऊळ आहे, त्याची घंटा वसईच्या लढाईनंतर पोर्तुगीजांकडून आलेली. मोठ्या आवाजाच्या बाईला आमच्याकडे नारोशंकराची घंटा म्हणतात, घरात कोणी असेल तर बघा.

आणि कपालेश्वराला गेलात तर तिला महादेवासमोर नंदी शोधायला सांगा. नाहीये. इथे नंदीला महादेवाने गुरू मानलं, मग गुरूला समोर कसं बसवणार, अशी कथा.

काळारामाला मात्र घाईत दर्शन घेऊन बाहेर पडू नका. काळ्या दगडाचं देऊळ आहे, १७९० च्या आसपास पूर्ण झालं, सभामंडपात निवांत बसता येतं. आणि २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला तो याच देवळाच्या दारात, पुढे काही वर्षं चालला. रिक्षावाले हे क्वचितच सांगतात, तुम्ही सांगा.

सायकल_आणि_चहा

आईंना हॉटेलवर सोडून तुम्ही आणि मुलगी पहाटे सायकलवर या की राव! गंगापूर रोडकडून गोदापार्क करत. थंडीत नदीवर धुकं असतं.

दोन्ही_गुडघे_गेलेली

दरवेळी कोणीतरी एक सायकलवाला येतोच 😂

डोंबिवलीचा_पम्या

जाऊन आलो, लिहायचं राहिलं होतं. कल्याणहून तपोवन एक्स्प्रेसने गेलो. ताईंचे दोन तुकडे बरोबर लागू पडले. सकाळच्या रिक्षावाल्याने आधी सहाशे सांगितले, बायकोने पाचशेवर आणलं, काळाराम आणि तपोवन धरून, आणि माणूस चांगला निघाला, आईला हात धरून उतरवत होता. तपोवनात मुलीला माकडं दिसली, तिचा दिवस तिथेच झाला.

संध्याकाळी मात्र मी एक चूक केली. रिक्षा नदीच्या अलीकडे रविवार कारंजा चौकातच सोडली, म्हटलं होळकर पुलावरून चालत जाऊ, पूल सपाटच आहे. पूल सपाट होता पण गाड्या एवढ्या की आई कठड्याला धरून उभीच राहिली. मात्र पुलाच्या उजव्या बाजूने खाली रामकुंड, दिवे लागायला लागलेले, आरतीची तयारी चाललेली, हे सगळं एकदम दिसलं आणि आईच म्हणाली की थांब जरा, इथूनच बघू दे. वीस मिनिटं तिथे उभे होतो, मागून हॉर्न. मग पलीकडून रिक्षा केली आणि खाली गेलो.

बुधवारी बाजारातून आईने तीन किलो लाल कांदे घेतले. डोंबिवलीत मिळत नाहीत का विचारलं तर म्हणाली गंगेवरचे नाही मिळत. ट्रेनमध्ये पिशवी मीच धरून बसलो होतो.

घाटावरचा_भो

कांदे कसे लावले ते सांगा, आईंना फसवलं असेल तर बघतो एकेकाला 😄