रात्रपाळीच्या आठवड्यात पोटही बिघडते आणि चिडचिडही वाढते. दोन्हींचा संबंध आहे का?

विणकराघरची:
माझे यजमान अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतात आणि दर आठवड्याला त्यांची पाळी बदलते. रात्रपाळी करून ते सकाळी साडेसातला घरी येतात, नेमके तेव्हाच शेजारचे माग सुरू होतात, त्यामुळे सलग तीन-चार तासांहून अधिक झोप होत नाही. त्या आठवड्यात पोट फुगते, शौचास साफ होत नाही आणि एरवी शांत असणारा हा माणूस मुलाच्या हातून तांब्याभर पाणी सांडले तरी घर डोक्यावर घेतो. पोटामुळे चिडचिड होते, की चिडचिडीमुळे पोट बिघडते?

सूक्ष्मजीवांचा अभ्यासक:
ताई, दोन्ही गोष्टी घडतात. मेंदू आणि आतडे यांच्यात व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून आणि संप्रेरकांमार्फत सतत देवाणघेवाण चालू असते. ताण वाढला की कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वाढते, आतड्यांची हालचाल बदलते आणि त्यामुळे तिथल्या जिवाणूंचे राहणेही बदलते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या 2016 च्या प्रयोगात नऊ निरोगी तरुणांना दोन रात्री सव्वाचार तासच झोपू दिले, तेव्हा जिवाणूंच्या दोन मोठ्या गटांचे प्रमाण बदलले. प्रयोग लहान आहे, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते इस्रायलच्या वाइझमन संस्थेचे 2014 चे काम: उंदरांच्या आतड्यातील जिवाणूंनाही दिवसरात्रीचे चक्र असते, ते खाण्याच्या वेळांशी जोडलेले असते आणि झोप-जागरणाच्या वेळा सतत पुढेमागे केल्या की ते विस्कटते. आपल्या यजमानांचे चक्र तर दर आठवड्याला मोडते.

जुळे सोलापूरकर:
मनःस्थितीशी जोडलेले सेरोटोनिन नावाचे रसायन शरीरात नव्वद टक्के आतड्यातच तयार होते, म्हणून रोज दही खाल्ले की मन प्रसन्न राहते, असे आमच्याकडे सर्रास सांगतात. हे खरे आहे का?

सूक्ष्मजीवांचा अभ्यासक:
पहिला भाग खरा आहे. पण आतड्यातले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. दही अवश्य खावे, मात्र झोपेची भरपाई त्याने होणार नाही.

निवृत्त जॉबर:
वहिनी, मी बावीस वर्षे रात्रपाळी केली. पहाटे तीनला टपरीवरचा वडा आणि दोन कप चहा घेणे मी बंद केले, तेव्हा पोट सुधारले. कामावर जाण्यापूर्वी पोटभर जेवायचो, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असायची आणि घरी येताच खिडकीवर जाड चादर बांधून, कानांत कापूस घालून झोपायचो. आपल्या सोलापुरी चादरीने उजेड पूर्ण अडतो.

विणकराघरची:
चादर आजच बांधते. दिवसपाळीच्या आठवड्यातही जेवणाच्या वेळा त्याच ठेवाव्यात का?

सूक्ष्मजीवांचा अभ्यासक:
सगळ्या जमणार नाहीत. पण संध्याकाळचे मुख्य जेवण दोन्ही पाळ्यांत एकाच वेळी घेता येईल, तेवढे जपा. ज्वारीतील तंतुमय भाग आतड्यातील जिवाणूंचे अन्न आहे, त्यामुळे भाकरी चालू ठेवा. शौचातून रक्त पडत असेल, वजन उतरत असेल किंवा दिवसपाळीतही उदासी जात नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवण्यास उशीर करू नका.