मदत हवी आहे: पाकिटावरच्या मीठ-साखरेबद्दल सरकारला कसं कळवायचं?

थोरलीसून
आमच्या महिला मंडळाने 43 सह्यांचं पत्र दिलं. "विहित नमुन्यात पाठवा" एवढाच शेरा मारून परत आलं. सासूबाईंना बीपी आहे, ताटात मीठ घेत नाहीत, पण नातवाच्या पाकिटातला चिवडा खातात. किती मीठ घातलंय ते समोर, मोठ्या अक्षरांत छापा, एवढंच आमचं म्हणणं. नमुना कुणाकडे आहे का? सोमवारी बैठक आहे, लवकर सांगा.

चौकस
1915 ला फोन लावा. ग्राहक हेल्पलाइन आहे. बिल जपून ठेवा.

थोरलीसून
अहो, तक्रार नाहीये. पाकीट चांगलंच होतं. नियमाबद्दल बोलायचंय.

भाकरतुकडा
ताई, पत्र दिलंत कुठे? आणि कोणत्या मसुद्यावर? नियम दिल्लीत एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण करतं. सप्टेंबर 2022 चा मसुदा पाकिटाच्या पुढच्या बाजूला तारे छापण्याचा होता, पदार्थ जितका आरोग्याला बरा तितके तारे जास्त. जुलै 2024 मध्ये मंजूर झालेला प्रस्ताव वेगळा, साखर-मिठाचे आकडे ठळक करण्याचा.

पॅकिंगवाला
तारेच बरे. पॅकिंगमध्ये 22 वर्षं काढली आहेत. गिऱ्हाईक दोन सेकंद पाहतं, त्याला अर्धा ते पाच तारे चटकन कळतात.

आहारवाली
काका, तिथेच घोळ आहे. त्या मसुद्यात मीठ, साखर, चरबीचे गुण मोजायचे आणि तंतू, प्रथिनं, दाणे असले की त्यांतून वजा करायचे. म्हणजे खारट चिवड्यात शेंगदाणे वाढवले की तारा वाढू शकतो. बीपीवाल्या माणसाला त्याचा काय उपयोग? चिलीत 2016 पासून काळे अष्टकोन छापतात, 'मीठ जास्त', 'साखर जास्त'. आपल्याकडेही तेच हवं.

पॅकिंगवाला
असे काळे शिक्के मारले तर लोणचं-पापड करणाऱ्या बचत गटांचं काय होईल?

गावकरी
पाकिटांचं राहू द्या, आमच्या रेशनवर ई-केवायसीसाठी तीन खेपा झाल्या. दक्षता समितीत कोण आहे तेही कुणी सांगत नाही.

थोरलीसून
पत्र इथल्याच कार्यालयात दिलं होतं. ताऱ्यांबद्दलच.

भाकरतुकडा
मग दोन्ही चुकलं, ताई. त्या मसुद्याची 60 दिवसांची मुदत 2022 मध्येच संपली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल 2025 च्या आदेशात 14,000 हून जास्त सूचना आल्याचा उल्लेख आहे. तरी गप्प बसू नका. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 18 मध्ये अन्नाचे नियम करताना खुला लोकसल्ला घ्यायला सांगितलंय, पंचायतींमार्फतसुद्धा. आणि प्राधिकरणावर ग्राहक संघटनांचे दोन प्रतिनिधी असतात. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटनेशी बोला.
नमुना म्हणजे साधा तक्ता असतो: कलम, सुचवलेला बदल, कारण. नुसतं "मोठ्या अक्षरांत छापा" लिहू नका, कोणत्या कलमात कोणते शब्द बदलायचे ते लिहा.

आहारवाली
कारणाच्या रकान्यात हे घाला: पाकिटावर मीठ नाही, सोडियम लिहितात. अडीचने गुणलं की मीठ निघतं. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ, आणि दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहायचं असतं. हे गणित दुकानात उभं राहून कोण करणार?

थोरलीसून
हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पाकीट मागून घेतलं, पण अक्षरं दिसेनात.
सोमवारी तक्ता भरतो. पण मसुदा हिंदी-इंग्रजीतच दिसतोय. आमच्या निम्म्या जणी मराठीच वाचतात, सही करण्याआधी त्यांना कळायला हवं. मराठी प्रत कुणाकडे आहे का?