नळ गळतोय? आधी वायसर बघा

गळका नळ दुरुस्त करायला प्लंबरने दोनशे रुपये मागितले अशी एकाची तक्रार वाचली, म्हणून सांगतो. साध्या पितळी नळात बहुतेक वेळा नुसता वायसर (आतली रबरी चकती) झिजलेला असतो. आधी गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करा (मी एकदा विसरलो, न्हाणीघरात कारंजं!), मग पान्याने नळाचा वरचा भाग उलटा फिरवून काढा. जुना वायसर खिशात घालूनच हार्डवेअरच्या दुकानात जा. अर्धा इंची म्हणून मागितला तरी जाडी वेगळी निघते. अख्खा नळच काढावा लागला तर आट्यांवर टेफ्लॉन टेप (पाणी झिरपू नये म्हणून लावायची पातळ पट्टी) घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा, उलटी गुंडाळलीत तर नळ बसवताना सुटून येते. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांना मात्र हा उपाय नाही, त्यांचा आतला स्पिंडलच (मुठीबरोबर फिरणारा भाग) बदलावा लागतो.