नदीत मत्स्यबीज सोडण्यापूर्वी मत्स्यशास्त्रज्ञाला का विचारावे?

डोहकाठ (प्रश्न):
नमस्कार. भोर तालुक्यातील आमच्या गावालगत नदीचा मोठा डोह आहे. माझ्या लहानपणी पहिल्या पावसात चढणीचे मासे भरपूर मिळत. आता जाळ्यात चिलापीखेरीज फारसे काही येत नाही. म्हणून ग्रामस्थांनी वर्गणी काढून कटला, रोहू आणि जमल्यास महाशीरची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडण्याचे ठरवले आहे. आधी एखाद्या मत्स्यशास्त्रज्ञाला नदी दाखवावी असे मी सुचवले, तेव्हा ‘मासे सोडायला शास्त्रज्ञ कशाला?’ असे विचारले गेले आणि मला नीट उत्तर देता आले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मीनाभ्यासी:
तुमची सूचना योग्यच होती. कटला आणि रोहू हे मूळचे उत्तरेकडील नद्यांतले मासे. ते गावतळ्यात खुशाल वाढवावेत, वाहत्या नदीत नव्हे. महाशीरचे प्रकरण अधिक नाजूक आहे. आपल्याकडील महाशीर, म्हणजे खडशी, ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून शास्त्रात नोंदवला. धरणांमुळे त्याची वरच्या अंगाला जाण्याची वाट अडली, तेव्हा डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी लोणावळ्यात टाटा वीज कंपनीच्या तलावांवर मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी मिळवण्याची आणि पिल्ले वाढवण्याची पद्धत बसवली. हे काम फार मोलाचे आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र हीच पिल्ले पुढे कावेरीतही सोडली गेली. गळाने मासेमारी करणाऱ्यांच्या छावण्यांतील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा बाहेरून आलेला हा महाशीर वाढत गेला आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर घटत गेला, असे दिसले. त्या माशाची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पक्की झाली आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. एका नदीत उपकारक ठरलेला मासा दुसऱ्या नदीत घातक ठरू शकतो, आणि तो कोठे कसा ठरेल हे नदीची पाहणी केल्याशिवाय सांगता येत नाही.

भीमाकाठ:
मी भोई समाजातील आहे. आमच्याकडे पाहणीसाठी आलेल्या संशोधक बाईंनी जाळे टाकण्याआधी दोन दिवस केवळ आमच्या म्हाताऱ्या माणसांना माशांची नावे, ते कोणत्या महिन्यात चढतात आणि अंडी कोठे घालतात, हे विचारण्यात घालवले. पात्रातील गोटे आणि वाळू उपसल्यामुळे अंडी घालायला जागाच उरली नव्हती, हे त्यातून स्पष्ट झाले. अशा ठिकाणी कितीही बीज सोडले तरी त्याची पुढची पिढी तेथे होणार नाही. दादा, चढणीचे अंडीभरले मासे मारणे आधी थांबवा. महाडजवळ वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून कोणी त्यांना हात लावत नाही, तेथे महाशीर अजून दिसतात.

डोहकाठ:
आपणा दोघांचे मनापासून आभार. बीज खरेदी थांबवण्याचा आणि जून-जुलैत डोहाच्या वरच्या अंगाला जाळी न लावण्याचा ठराव पुढील ग्रामसभेत मांडतो. पाहणीसाठी पावसाआधीचे दिवस योग्य की पाणी ओसरल्यानंतरचे, तेवढे कृपया सांगावे.

मीनाभ्यासी:
शक्य असल्यास दोन्ही वेळा करावी. एकदाच जमणार असेल, तर पाणी ओसरल्यावर करावी. त्या वर्षीची पिल्ले उथळ पाण्यात तेव्हाच सापडतात.