टाइमलाइनवरची क्लिप ‘काढायची’ की ‘उचलायची’? शब्द सुचवा

नमस्कार मंडळी. नागपूरहून लिहितोय. लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग हे माझं काम, व्हीएचएसच्या शेवटच्या दिवसांपासून करून राहिलोय, आणि हल्ली रविवारी सकाळी महालात घरीच चार-पाच पोरापोरींना एडिटिंग शिकवतो. सॉफ्टवेअर इंग्रजी आणि बोलणं आपलं. त्यात माझ्या एका शब्दामुळे एका मुलीचं दोन दिवसांचं काम बिघडलं, म्हणून हा धागा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या पोरांनी मारबतीची, म्हणजे आमच्याकडच्या काळ्या आणि पिवळ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक शूट केली. एकीनं त्याची चार मिनिटांची फिल्म लावायला घेतली. टाइमलाइनवर, म्हणजे स्क्रीनवर क्लिपा एकापुढं एक लावायच्या जागेवर, खालच्या पट्टीत एका आजोबांची मुलाखत, त्याच्या वरच्या पट्टीत मिरवणुकीचे शॉट, म्हणजे बडग्यांचे पुतळे, गर्दी, नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी मारबत भेटतात तो शॉट, आणि सगळ्यात खाली ढोलताशाचा आवाज. फार छान बसलं होतं सगळं. संध्याकाळी तिचा फोन, सर तो गर्दीचा तीन सेकंदाचा शॉट हललेला आहे काय करू, मी गाडीवर होतो, म्हटलं काढून टाक. तिनं काढला, पण रिपल डिलीटनं, म्हणजे रिकामी झालेली जागा आपोआप बुजते त्या पद्धतीनं काढला, आणि वरची पट्टी बाकीच्या पट्ट्यांना बांधलेली नव्हती, त्यामुळे त्या शॉटच्या पुढचे वरचे सगळे शॉट तीन-तीन सेकंद डावीकडे सरकले आणि खाली आजोबा आपले होते तिथंच. ती मात्र पुढं काम करत गेली. रविवारी बघतो तर आजोबा काळ्या मारबतीबद्दल बोलून राहिले आणि पडद्यावर पिवळी!

यात तिचं काहीच चुकलं नाही. मराठीत ‘काढणे’ दोन्हीला चालतं. भिंतीवरचा फोटो काढला तर खिळा आणि जागा तशीच राहते, आणि माळेतला मणी काढला तर बाकीचे मणी जवळ येतात. मला फोटो काढायचा होता, तिनं मणी काढला.

सॉफ्टवेअरवाल्यांनी हा फरक शब्दातच ठेवलाय. प्रीमिअरमधे ‘लिफ्ट’ आणि ‘एक्स्ट्रॅक्ट’, शॉटकटमधे ‘लिफ्ट’ आणि ‘रिपल डिलीट’. लिफ्ट केलं की भोक राहतं, दुसऱ्यानं केलं की भोक बुजतं. टाकण्याचंही तसंच, ‘इन्सर्ट’ केलं की नवी क्लिप शिरते आणि पुढचे सगळे मागं हटतात, ‘ओव्हरराइट’ केलं की त्या जागी जे होतं ते तेवढ्यापुरतं जातं आणि बाकी कोणी हलत नाही.

हे समजवायला मी आता सकाळच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावरची रांग आणि एसटीतली सीट सांगतो. रांगेतून एक जण गेला की मागचे पुढं सरकतात, मधे कोणी घुसला की मागचे मागं जातात. सीटवरून एक जण उठला तर सीट रिकामी राहते, बाकीचे काऊन हलतील? आणि खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा म्हणजे ज्याचा शॉट अजून यायचाय त्या ठिकाणी ठेवलेला काळा तुकडा, याला माझी पोरं आता सरळ ‘रुमाल टाकला’ म्हणतात आणि मला तो शब्द फारच आवडलाय.

तर माझे शब्द असे: लिफ्टला उचलणे, रिपल डिलीटला सरकवून काढणे, इन्सर्टला घुसवणे. ओव्हरराइटला अडलोय. आधी मी ‘वरून टाक’ म्हणायचो, तर पोरांनी क्लिप वरच्या पट्टीवर टाकली, त्यांचंही बरोबरच होतं. कोणाला याहून चांगलं सुचतंय का? आणि टाइमलाइनला मराठी शब्द वापरावा का?

प्रतिसाद
टाइमलाइनला ‘कालरेषा’ किंवा ‘समयरेषा’ आहे की. रुळलेला शब्द आहे, तोच वापरा, नवीन कशाला शोधायचे.

धागाकर्ता
ताई / दादा, मीपण पहिल्या वर्षी फळ्यावर कालरेषाच लिहायचो. अडचण अशी झाली की कालरेषा म्हटलं की पोरांना इतिहासाचं पुस्तक आठवतं. सीताबर्डीची लढाई १८१७, नागपूर संस्थान खालसा १८५४, दीक्षाभूमीवरची धम्मदीक्षा १९५६. त्या रेषेवर १९५६ कधीच १८५४ च्या आधी येणार नाही. आणि एडिटिंगमधे नेमकं तेच करायचं असतं, संध्याकाळचा विसर्जनाचा शॉट पहिला आणि सकाळची तयारी नंतर. दोन पोरं खरंच सगळ्या क्लिपा शूट केल्याच्या वेळेप्रमाणे लावून बसायची, मी विचारलं असं काऊन लावलं तर म्हणे कालरेषा आहे ना सर. तिथला काळ घडण्याचा नाही, बघणाऱ्याचा आहे. म्हणून मी आता टाइमलाइनच म्हणतो, त्या शब्दाला आपल्याकडं आधीचा कुठलाच अर्थ चिकटलेला नाही हे त्याचं बळ. नाव इंग्रजी चालेल मला, क्रियापद मात्र आपलं पायजे, कारण हात क्रियापदावर चालतो.

प्रतिसाद
लेख वाचून राहवलं नाही. मी पूर्वी पुण्यात फिल्मवर संकलन साहाय्यक होतो. तुमची रांग आणि सीट ही जोडी जुन्या कामातच होती. ३५ एमएम फिल्म म्हणजे निव्वळ रांग. एका फुटात १६ फ्रेम (म्हणजे एकेक स्थिर चित्र), सेकंदाला २४, म्हणजे एक सेकंद बरोबर दीड फुटाचा, हाताने मोजता यायचा. तुकडा कापून बाजूला केला आणि टोकं जोडली की पिक्चर तेवढं लहान झालं, भोक राहणं शक्यच नाही, भोक हवं असेल तर कोरी फिल्म मापून मधे जोडावी लागे (हाच तुमचा रुमाल). आवाजाची पट्टी वेगळी असायची. चित्रातून दीड फूट कापला आणि आवाजातून कापायला विसरला की पुढचे सगळे ओठ चुकले. तुमच्या विद्यार्थिनीचा झालेला घोळ आमच्याकडे दर आठवड्याला कोणाचा तरी व्हायचा.

धागाकर्ता
दादा, किती मोठी गोष्ट सांगितलीत! आता मला माझंच काम नव्यानं दिसून राहिलंय. कारण आमची टेप म्हणजे नुसती सीट होती. दोन व्हीसीआर जोडून एकातून दुसऱ्यात भरायचो. मंगलाष्टकांनंतर वरमाईचा एक शॉट राहिला असं विदाई भरून झाल्यावर लक्षात आलं, तर तो मधे घुसवायची सोयच नव्हती, एकतर तिथलं काहीतरी पुसून त्याच मापात भरा नाहीतर तिथून पुढचं सगळं परत भरा. रात्री-रात्री जागलोय त्यासाठी. म्हणजे फिल्मवाल्यांना सगळं सरकायचं, आम्हाला काहीच सरकायचं नाही, आणि आता टाइमलाइनवर दोन्ही होतं, म्हणून तर एका ‘काढ’वर भागत नाही. आणि ओव्हरराइटचा शब्दपण मिळाला, आमचाच होता, विसरलो होतो: पुसून भरणे. टेपवर आम्ही हेच म्हणायचो.

प्रतिसाद
ट्रॅकला तुम्ही पट्टी म्हणता, पण गाण्याच्या लोकांत पट्टी म्हणजे काळी चार, पांढरी एक. ‘गाणं वरच्या पट्टीत घे’ म्हटलं तर माझा मुलगा सूर चढवेल. ‘थर’ कसा वाटतो?

धागाकर्ता
थर चित्राला अगदी चपखल आहे, कारण वरचा थर खालच्याला झाकतो. वर गर्दीचा शॉट असेल तेवढा वेळ खालचे आजोबा दिसत नाहीत, तो संपला की परत दिसतात. पण आवाज एकमेकांना झाकत नाहीत हो, ढोलताशा आणि आजोबा दोन्ही एकदमच ऐकू येतात, खाली-वर कुठंही ठेवा. म्हणून चित्राचा थर आणि आवाजाची पट्टी असं वेगळंच ठेवलं तर? शब्दातच फरक कळेल, ‘आवाजाची’ म्हटलं म्हणजे सुराचाही गोंधळ नको. नाहीतर नवीन पोरं आवाज ऐकू येत नाही म्हणून पट्टी वर-वर सरकवत बसतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

प्रतिसाद
मी शिवणकाम करते, एडिटिंग येत नाही, पण तुमचं ‘सरकवणं-जोडणं’ वाचून आमच्याच कामासारखं वाटलं. आम्ही आधी धावदोरा घालतो, सगळे भाग नुसते जागेवर धरून ठेवायला, मग अंगावर बघून मशिनची टीप मारतो आणि धावदोरा उसवतो. तुमच्याकडे तसं काही असतं का? आणि दोन तुकडे जोडताना कापडाला माया, म्हणजे शिवणीबाहेर थोडं जास्तीचं कापड, सोडता की नाही?

धागाकर्ता
ताई, तुमचा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. धावदोरा तर आहेच, पहिल्या खेपेला सगळ्या क्लिपा ढोबळमानाने लावून एकदा सलग बघायच्या, त्याला आम्ही रफ कट म्हणतो, आणि पोरं तिथंच चुकतात, पहिल्याच क्लिपची टोकं फ्रेम-फ्रेमनं छाटत बसतात आणि कपडा अंगावर बसतो की नाही ते कोणी बघितलेलंच नसतं. आता धावदोराच म्हणणार.

पण माया! मायेला मी किती वर्षं शब्द शोधून राहिलो होतो. इंग्रजीत हँडल म्हणतात, त्यातून पोरांना काहीच कळत नाही. दोन शॉट एकमेकांत विरघळवायचे असतील, म्हणजे डिझॉल्व्ह, तर कटच्या पुढं पहिल्या शॉटचा आणि कटच्या आधी दुसऱ्या शॉटचा थोडा जास्तीचा भाग शिल्लक पायजे. आपल्याकडं सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक सेकंदाच्या डिझॉल्व्हला दोन्हीकडं १२-१३ फ्रेमची माया. ती नसली तर सॉफ्टवेअर एकतर नाही म्हणतं, नाहीतर शेवटची फ्रेम गोठवून ठेवतं आणि बघणाऱ्याला मधे खटका बसतो. कापड काठोकाठ कापलं की शिवण उसवते, तसंच. कॅमेऱ्यापाशीच ही माया सोडायची असते, शॉट संपला की लगेच बटण दाबू नये, मनात पाच आकडे मोजावे.

काल वर्गात हे सगळे शब्द सांगितले. उचल, सरकवून काढ, घुसव, पुसून भर, रुमाल, धावदोरा, माया. त्या मुलीनं फिल्म परत उघडली, आजोबा आणि मारबती जागेवर आणल्या, आणि म्हणाली काळ्या मारबतीवरून पिवळीवर विरघळत जाऊ या का. आम्ही क्लिप उघडून बघितली. पिवळी फ्रेममधे आली त्याच क्षणी तिनं शूट सुरू करायचं बटण दाबलं होतं, आधी एक फ्रेमसुद्धा नाही. ती म्हणाली, ‘सर, माया सोडली नाही.’ तिथं सरळ कट ठेवला.