चर्चा: बागेतलं पान नेलं, मग निकाल बागवाल्याला का नाही?

मृगबाग (रावेर तालुका)
चार वर्षांपूर्वी श्रावणात दोन पोरं माझ्या केळीच्या बागेत आली. एक मुलगा, एक मुलगी, दोघं पीएचडीवाले. दीड महिन्याची रोपं होती आणि पानांवर पिवळे पट्टे उमटायला लागले होते. आपल्याकडे म्हणतात तो हरण्या, विषाणूचा रोग, कागदावर सीएमव्ही. पोरांनी चार-पाच रोपांची पानं कापली, शेजारच्या काकडीचीही घेतली, प्लास्टिकच्या पिशव्यांत घातली, वर मार्करने १७ लिहिलं. चहा घेतला, चार पानी फॉर्म भरून घेतला. "काका, निकाल आला की फोन करतो."

फोन आला नाही. मी रोज पट्टे मोजत बसलो. एक म्हणे खत कमी पडलं, दुकानदार म्हणे फवारा. विषाणूवर औषध नसतं हे आज कळतं, तेव्हा दोन फवारण्या मारल्या. भाद्रपदात निम्मी बाग उपटली.

गेल्या महिन्यात पुतणीने शोधगंगेवर, म्हणजे पीएचडीचे प्रबंध ठेवतात त्या साइटवर, तो प्रबंध हुडकला. सगळा इंग्रजीत. एका तक्त्यात सतरावी ओळ, ओळीच्या शेवटी अधिकचं चिन्ह. माझी बाग म्हणजे एक अधिक.

म्हणणं सरळ आहे. ज्याच्या शेतातून, घरातून किंवा अंगातून नमुना नेला, त्याला त्याच्या भाषेत निकाल सांगितल्याशिवाय व्हायवा, म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा, होऊ नये. अशी अटच घाला. बोला.

सूक्ष्मदर्शी
काका, मीही पीएचडी करते. केळीवर नाही, पण पिशव्यांवर नंबर मीही टाकते. राग समजतो, अट पटत नाही.

विषाणू ओळखायची एलायझा चाचणी असते, तिच्या एका प्लेटला ९६ खड्डे असतात. पाच पानांसाठी कोणी प्लेट लावत नाही. गावोगावचे नमुने जमेपर्यंत तुमचं पान उणे ८० च्या फ्रीजरमध्ये. किट मागवायचं तर तीन कोटेशन, मग खरेदी समिती, मग समितीतले एक सर रजेवर. प्लेट लागते तोवर दिवाळी उलटून जाते. तुम्ही बाग उपटली तेव्हा तुमचं पान बहुतेक बर्फातच असेल.

आणि पहिल्या प्लेटवर दिसलं ते खरं धरायचं नसतं. परत लावायचं, निरोगी पानाशी ताडायचं. कच्चा निकाल फोनवर सांगितला, तुम्ही बाग उपटली आणि तो चुकीचा निघाला, तर भरपाई कोण देणार? माझी फेलोशिप? ती स्वतःच सहा-सहा महिने येत नाही. शेतकऱ्याला सल्ला देणं कृषी विज्ञान केंद्राचं काम. पालला आहे, ममुराबादला आहे.

मृगबाग
ताई, "फोन करतो" म्हणाला तो कृषी विज्ञान केंद्राचा माणूस नव्हता. आणि मला प्लेट नकोच होती. "काका, आमच्यावर थांबू नका. संशयित रोप दिसलं की मुळासकट काढा, विषाणू पसरवणारी मावा कीड आवरा, बागेच्या कडेला काकडी-टरबूज लावू नका", एवढं जाता जाता सांगता आलं असतं. त्याला फ्रीजर लागत नाही.

साक्रीकर
तो चार पानी फॉर्म कुठल्या भाषेत होता? मी सांगतो. आमच्या आजीला एका पाहणीत विचारलं होतं, "कुटुंबातील सदस्यांस यापूर्वी सदर लक्षणे आढळली होती काय?" आजी माझ्याकडे बघून म्हणे, "हाऊ काय म्हनस?" मी म्हटलं, "तुमना घरमा कोनले असं व्हयेल शे का?" तेव्हा ती अर्धा तास बोलली. फॉर्मवर आधीच "नाही" लिहून झालं होतं.

ग्रियर्सन साहेबाच्या भाषा-सर्वेक्षणाने १९०७ च्या भागात खान्देशी, म्हणजे आमची अहिराणी, भिल्ली भाषांच्या सोबत बसवली. २०११ च्या जनगणनेत खान्देशी सांगणारे १८ लाखांहून जास्त. आमचं ना-नी-नं गुजरातीच्या जवळचं, तरी फॉर्म बनवणाऱ्याला वाटतं की ही नुसती गावंढळ मराठी. प्रश्नच कळला नाही, तर उत्तराच्या टक्केवारीला काय चाटायचं?

तरीही आंधळेपणाने परत देण्याच्या मी विरोधात आहे. एम.ए.च्या वेळी म्हाताऱ्यांच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. मोठ्या मनाने सगळं पेन ड्राइव्हवर घालून गावाला दिलं. एका सुनेने ते व्हॉट्सॲपवर टाकलं. त्यात एका आजीने आपल्या जावेचा चाळीस वर्षांपूर्वीचा हिशेब ओवीत चुकता केला होता. जाऊ अजून हयात आहे. पुढचं विचारू नका.

अमळनेरी
अहिराणीची एवढी उपेक्षा, आणि विद्यापीठाला नाव मात्र अहिराणीतल्या बहिणाबाईंचं!

साक्रीकर
त्यांची बोली लेवा गणबोली, भाऊ. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे दोन दिवस जातील.

सातपुडा दवाखाना
मी नंदुरबार जिल्ह्यात नोकरी करते. मूळ पोस्टमधले "अंगातून" आणि "अट" हे दोन शब्द एकत्र वाचून धास्तावले.

आमच्याकडे भिल्ल, पावरा वस्तीत सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराच्या, तपासण्या सतत चालतात. २०२३ च्या जुलैपासून तर राष्ट्रीय मोहीमच आहे, २०४७ पर्यंतची. शाळेत, आश्रमशाळेत बोटाच्या एका थेंबावर सोल्युबिलिटी चाचणी होते. ती फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे एवढं सांगते. पोरगी वाहक आहे की आजारी, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या चाचण्या झाल्यावर कळतं. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, जन्मभर शेतात राबतो. पण दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळ आजारी निघण्याची शक्यता चारात एक.

आता एका पाहणीवाल्याने चांगुलपणा केला. निकालाची यादी शाळेत वाचून दाखवली, पॉझिटिव्ह मुलींची नावं. कोण वाहक, कोण आजारी, काही नाही. त्यातल्या एकीचं ठरलेलं लग्न मोडलं. पुढे चाचणीत ती वाहक निघाली, म्हणजे धडधाकट. मुलाची तपासणी तर कोणी केलीच नाही! तिची आई माझ्यासमोर बसून एकच विचारत होती, "रक्त द्यायला नको होतं का?"

अट घातली की लोक अटीपुरतं करतात. यादी वाचली, सही घेतली, व्हायवाला मोकळे. त्यापेक्षा निकाल न सांगितलेला परवडला, असं म्हणायची वेळ येते. मला ते म्हणायला आवडत नाही.

शेंगदाणा
तेलबियांत आयुष्य गेलं, निवृत्त झालो. मृगबाग भाऊ, निकाल दर वेळी त्याच बांधावर परत येत नसतो. जेएल-२४ हे भुईमुगाचं वाण, म्हणजे फुले प्रगती, जळगावचं. जेएल ते जळगावचंच. तेच वाण पुढे आफ्रिकेत मलावीत काकोमा या नावाने गेलं. तिथल्या शेतकऱ्याला जळगाव ठाऊक नसेल, शेंगा ठाऊक आहेत. हे इंग्रजीत लिहिल्यामुळेच घडलं. अहिराणीत लिहिलं असतं तर तापीच्या पलीकडेही गेलं नसतं.

साक्रीकर
नाना, इंग्रजीत लिहू नका असं कोणी म्हणालंच नाही. दोनदा लिहा म्हणतोय.

शेंगदाणा
एकदा लिहितानाच कंबर मोडते रे बाबा.

तोरणमाळ
सगळं संशोधन माणसाच्या उपयोगाचं कशाला हवं? रानपिंगळा १८८४ नंतर कोणाला दिसला नव्हता. गुजरातेतला १९१४ चा म्हणून एक नमुना होता. तो माइनर्ट्झहागेन नावाच्या साहेबाने संग्रहालयातून चोरून, खोटी चिठ्ठी लावून खपवलेला. पामेला रासमुसेन या पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी ती लबाडी उघडी पाडली, आणि १९९७ मध्ये त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना पक्षी आपल्या शहाद्याजवळ दिसला. ११३ वर्षांनी! यात शेतकऱ्याला काय कळवायचं?

अमळनेरी
पिंगळ्याला कळवलं का?

मृगबाग
दवाखान्याच्या ताई, तुमचं वाचून "अंगातून" हा शब्द मागे घेतो. म्हणजे असं की माणसाचा निकाल त्या माणसाला, एकट्याला, आणि समजावणारा सोबत असेल तरच. बागेचं मात्र सोडत नाही. माझ्या बागेचं लग्न मोडणार नव्हतं.

सूक्ष्मदर्शी
काका, अट मला अजूनही नको, पण तो तक्ता बघायचाय. फोटो टाका ना.

मृगबाग
टाकला. लाल गोल पुतणीने केलाय.

सूक्ष्मदर्शी
काका, रकान्यांची डोकी मागच्या पानावर राहिली आहेत, म्हणून मी प्रबंध उघडून पाहिला. प्रत्येक ओळीत दोन निकाल आहेत. आधी केळी, मग शेजारचं पीक. शेवटचं अधिक काकडीचं आहे. केळीखाली उणे आहे.

मृगबाग
म्हणजे हरण्या नव्हताच? निम्मी बाग उपटली मी.

सूक्ष्मदर्शी
तसंही नाही. चाचणीत उणे म्हणजे बागेत नव्हताच असं होत नाही. पान कोणतं घेतलं, रोपात विषाणू किती होता, नमुना कसा टिकला, यावर असतं. शेजारी काकडीत सापडलाय, मावा होताच. तुम्ही उपटलं ते चुकलं, असं या तक्त्यावरून मी म्हणणार नाही. हे असं लिहून नीट सांगता येत नाही. नंबर पाठवा, उद्या संध्याकाळी फोन करते.

मृगबाग
नंबर पाठवलाय. "फोन करते" हे मात्र मी आधी ऐकलेलं आहे.